एसिल्फीचं धुतलेलं तोंड

घानाच्या किनाऱ्यावरच्या फिरत्या नाटकांतल्या विदूषकाला ‘बॉब’ म्हणतात. कोबिना एसिल्फी पस्तीस वर्षं बॉब होता. पण तोंड रंगवल्याशिवाय त्याने एकही विनोद केला नव्हता. घरी तर बायको त्याला मुका म्हणायची.

काजळी तेलात खलायची, चेहऱ्याला फासायची, ओठांभोवती पांढरा जाड पट्टा ओढायचा. मग कुठे त्याची जीभ सुटायची. रंगाखालचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही असेल, असं त्यालाही वाटत नव्हतं.

राजधानी आक्राच्या टीव्हीने प्रेक्षकांपुढे नाटक करायला बोलावलं, त्या रविवारी तो आरशापुढे बसला असताना दिग्दर्शिका एस्सी आत आली. वडीलधाऱ्या नटांना ती पापाच म्हणायची.

“पापा, हे पुसा.”

“का गं? कमी काळं झालंय?”

“अमेरिकेतले गोरे आपली टर उडवायला असंच तोंड रंगवायचे. त्यांच्या सिनेमातून हे इकडे आलं.”

“पण मी काळाच आहे की!”

“म्हणून तर!”

एसिल्फीला त्याचा गुरू आठवला. गुरूने सांगितलं होतं, कंदिलाच्या उजेडात शेवटच्या बाकावरच्यालाही ओठ दिसले पाहिजेत. हा रंग आपण सिनेमात पाहून उचलला, हेही गुरू ऐटीत सांगायचा. म्हणजे परक्यांनी आपली नक्कल केली, आणि त्या नकलेची नक्कल करून आपण पोट भरलं. एवढी अक्कल आपल्या एकाच डोक्यात मावली कशी, याचं त्याला नवल वाटलं.

नाटकात त्याची बायको होणारा आटो झग्यात चिंध्या कोंबून छाती भरत होता. “पूस लेका. रंगाखाली काय राजपुत्र दडलाय?”

“धुतलं तर मला बोलता येणार नाही, आटो.”

“मग तर नाटक सुधारेल.”

त्याने तोंड धुतलं. रंगमंचावर गेला आणि पहिलंच वाक्य विसरला. प्रेक्षक त्याच्यामागे पाहत होते. पुढच्या रांगेतली एक मासेवाली ओरडली, “ए म्हाताऱ्या, बाजूला हो! बॉबला येऊ दे!”

“तो आत तोंड धुवायला गेला, बाई,” एसिल्फी म्हणाला. “धुतलं, तर खालून मी निघालो.”

सगळे हसले. का हसले, ते त्याला कळेना. त्याने खरं तेच सांगितलं होतं. मग त्याने बायको मुका म्हणते, तेही सांगून टाकलं. आणखी हसले. पाठ केलेले निम्मे विनोद राहूनच गेले.

“पुढच्या रविवारी या, पापा,” एस्सी म्हणाली.

“ओठांपुरतं पांढरं लावू?”

“नाही.”

त्याने टॉवेलाची घडी घातली.

“मग त्या मासेवालीला पुढेच बसव,” तो म्हणाला. “कुणी शिव्या घातल्या, की मला बोलायला सुचतं.”