कुत्र्याची घागर

माझ्या घरात स्वच्छता आली ती कुत्र्याच्या पायांनी. निजामाचं राज्य जाऊन नवे साहेब लोक पाथरीला यायला लागले होते, त्या काळची गोष्ट. आमचे हे गुरांच्या दवाखान्यात चपराशी होते आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. डॉक्टरसाहेब बाईसाहेबांना घेऊन आपल्या मुलखाला गेले, की त्यांचं झुपकेदार कुत्रं आमच्या ओसरीवर मुक्कामाला. जमेल का, असं कुणी विचारलं नाही. साहेबांचं कुत्रं सांभाळायला मिळतं, हाच आमचा मान.

मान लय कामाचा होता. बाईसाहेब जातीनं बंदोबस्त बघायच्या. ओसरी शेणानं सारवायची नाही, शेणात जंतू असतात. म्हणून कुत्र्याच्या कोपऱ्यात शहाबादी फरशी बसली आणि ती रोज फिनेलनं धुवायची. आम्ही सारवलेल्यावरच निजत होतो, आमच्या जंतूंची कुणी चौकशी केली नाही. त्याचं पोतं उन्हात टाकायचं, त्याची थाळी उकळत्या पाण्यातून काढायची. त्याची भाकरी थापायच्या आधी मला नखं दाखवावी लागत. लग्नाआधी मला बघायला आलेल्यांनीही एवढं निरखलं नव्हतं.

पाण्याचा थाट तर विचारूच नका. बारवेचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, खळखळ उकळून, गार करून वेगळ्या घागरीत ठेवायचं. जळणाला दवाखान्यातून लाकडं मिळायची. एवढं सोवळं कशासाठी, म्हणून मी एकदा विचारलं.

साहेब सहज म्हणाले, "बाई, या बारवेच्या पाण्यानं नारू होतो. कुत्र्यालासुद्धा होतो."

नारू उष्णतेनं निघतो, नशिबात असला की निघतो, एवढंच आम्हाला ठाऊक. यांच्या पोटरीतून निघाला होता, दोऱ्यासारखा लांबच लांब किडा. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळता गुंडाळता तुटला, पाय सडला आणि गुडघा कायमचा आखडला. तो पाय ओढत हे साहेबांपुढे रोज उभे राहायचे. साहेबांना सगळं ठाऊक होतं आणि सांगितलं ते कुत्र्यापायी! असा संताप आला म्हणून सांगू. तेवढ्यात माझी नजर पोरीकडे गेली. नुकती पाऊल टाकायला शिकली होती, भिंतीला धरून ओसरीभर फिरत होती. तिच्या पोटातही त्याच बारवेचं पाणी जात होतं.

त्या दिवसापासून मी पोरीला कुत्र्याच्या घागरीतलं पाणी पाजायला लागले. सासूबाईंनी बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. साहेबांच्या वस्तूला हात लावून लेकाची नोकरी घालवतेस का, म्हणाल्या. मी म्हटलं, मग आपलं वेगळं उकळते. तर म्हणाल्या, भाकरीपुरतं जळण नाही आणि हिला पाणी शिजवायचंय. मग मी त्यांची नजर चुकवून पाजायला लागले.

मग साहेबांची बदली झाली. कुत्रं गेलं, लाकडं बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी घरच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या चुलीत सारल्या आणि पाणी ठेवलं.

"कुत्रं तर गेलं," सासूबाई म्हणाल्या. "आता कुणासाठी जाळायलीस?"

पोरीसाठी म्हटलं असतं तर चूल तिथंच विझली असती. मी बेधडक सांगितलं, "साहेबांचा निरोप हाय. कुत्रं कवाबी मुक्कामाला येईल, घागर भरलेली पाहिजे."

हे जेवत होते. साहेब आता या मुलखात पुन्हा फिरकणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"मला बी तसंच बोलले," आईला म्हणाले आणि खाली मान घालून जेवायला लागले.

झालं! सासूबाई स्वतः शिवारातून पऱ्हाट्यांचे भारे आणायला लागल्या. साहेबांचं कुत्रं येणार, असं गल्लीत ऐटीत सांगायच्या. आदल्या दिवशीचं शिळं पाणी मी त्यांच्यादेखत पोरीला पाजायची. फेकण्यापरीस तिच्या पोटात जाऊ दे, असं त्यांनीच ठरवून टाकलं. आम्ही मोठी माणसं मात्र बारवेचंच पीत राहिलो. कुत्र्याच्या घागरीला कोण हात लावणार?

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत घरोघर नारू निघाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या टाचेतून निघाला. पोर गल्लीभर हुंदडत होती, तिच्या पायांवर पुटकुळी नाही. सासूबाईंनी नातीच्या पायांसाठी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस केला होता. टाच भरून येते न येते तोच तो फेडायला निघाल्या, लंगडत, दर चार पावलांना माझा खांदा धरत. नातीवर जीव होता त्यांचा, त्यात खोट नाही. तिच्यासाठी त्या देवापर्यंत पाय ओढत आल्या. फक्त पऱ्हाट्या जाळल्या नसत्या.

त्यांनी नारळ फोडला, पोरीला देवाच्या पायांवर घातलं. मीही हात जोडले आणि साहेबांच्या कुत्र्याला उदंड आयुष्य मागितलं. ते मेल्याची खबर पाथरीला आली असती, तर माझ्या पोरीचं पाणी बंद झालं असतं.