सहाव्या नंबरचं उत्तर

मंगलला तिची आई आणि मामानं जीपमधून उतरवलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी कर्नाटकातल्या रामनगरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात सुया उकळायला ठेवल्या होत्या. मंगल आमच्याच हॉस्टेलची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. परकर रक्तानं भिजला होता. नाडी बोटाला लागत नव्हती.

"काय घेतलं हिनं?"

"कसलं तरी मूळ उगाळून पेलीया," आई म्हणाली. "आमास्नी काय बी ठाव न्हवतं, बाई. सुट्टी न्हाई, काय न्हाई, आन् पोरगी परवा अचानक घरला आली."

मी सलाइन लावलं आणि तीच जीप बेळगावकडे वळवली. बाटली हातात धरून मी मंगलच्या उशाशी बसले.

वाटेत तिनं डोळे उघडले. "अक्का, सहावी चिठ्ठी माजी व्हती."

चिठ्ठी म्हणजे काय ते सांगायला हवं. मी एका संस्थेची नर्स. एड्सचं नाव तेव्हा नुकतंच कानावर यायला लागलं होतं, आणि तरुण मुलामुलींना शरीराबद्दल नीट माहिती मिळावी म्हणून संस्थेनं एक योजना काढली होती. आमचे साहेब तिला 'नेटवर्क' म्हणायचे. नेटवर्क म्हणजे चार हॉस्टेलांत चार लाकडी पेट्या. मुलींनी नाव न घालता प्रश्न लिहायचा. महिन्यातून एकदा संस्थेच्या जोयड्याच्या ऑफिसातला क्लार्क येऊन पेटी उघडायचा. दवाखान्याचे प्रश्न तो डॉक्टरांकडे द्यायचा, बाकीच्यांना स्वतःच उत्तरं लिहायचा. उत्तरांचा कागद बसनं माझ्याकडे यायचा. मी सही करून तो हॉस्टेलच्या बोर्डावर लावायचे. मुलींची अक्षरं मी ओळखीन, म्हणून किल्ली जोयड्यात ठेवा, ही कल्पना माझीच होती. मला तिचा फार अभिमान होता.

"उत्तर मिळालं नाही का तुला?" मी विचारलं.

"मिळालं की. वॉर्डनला सांगा म्हणून लिवलंत."

"मी असं कशाला लिहीन?"

"खाली सई तुमची हाय, अक्का. म्हनलं, अक्का बी तसंच म्हनत्यात, तर मग आता कुणाला सांगू?"

खानापूरच्या अलीकडे तिचा हात गार पडला. मामानं जीप थांबवायला सांगितली.  आईनं मुलीचा भिजलेला परकर नीट केला.

परत आल्यावर मी तडक हॉस्टेलच्या बोर्डापाशी गेले. कागद कन्नडात होता. मला कन्नड बोलता येतं घडाघडा, वाचता येतं अडखळत. तो कागद आला त्या दिवशी आमचा लसीकरणाचा कॅम्प होता, म्हणून न वाचताच सही ठोकली होती. आता एकेक अक्षर लावून वाचलं. सहाव्या नंबरला लिहिलं होतं, पाळी चुकली असल्यास वॉर्डनला कळवावे व राहिलेले काम दुसऱ्या दिवशी पूर्ण करावे.

हॉस्टेलमध्ये पाणी भरायच्या, भाकऱ्या भाजायच्या पाळ्या असायच्या. क्लार्क धारवाडकडचा. हिंदी शिकलेला, लिपी तीच, त्यामुळे मराठी चिठ्ठ्या वाचायचा. कन्नडातही पाळी हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ फक्त कामाची वेळ. बायकांच्या पाळीला कन्नडात मुट्टु म्हणतात. मंगलनं लिहिलं होतं, दोन पाळ्या चुकल्या, काय करू? त्यानं ती आळशी पोरगी समजून तिला शिस्त लावली. डॉक्टरांपर्यंत चिठ्ठी गेलीच नाही. दोन महिन्यांचा गर्भ कायद्यानं, दवाखान्यात, सुखरूप पाडता येत होता. मी स्वतः तिला घेऊन गेले असते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जोयडा गाठलं. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला.

"सिस्टर, चिठ्ठी निनावी आहे. ती त्याच मुलीची कशावरून?"

"तिनं मला सांगितलं."

"आता ती सांगू शकते का?"

मी कागदाची घडी घातली. भांडायला हवं होतं. कागदावर सही माझी होती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. क्लार्क कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मी बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "तो अर्थ मला कुणी सांगितलाच नाही हो." त्याचं खरं होतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

पेटी भिंतीवर तशीच राहिली. त्यानंतर तिच्यात एकही चिठ्ठी पडली नाही. महिन्याभरानं ऑफिसातून सूचना आली, मुलींनी प्रश्न स्पष्ट शब्दांत लिहावेत. मंगलनं स्पष्टच लिहिलं होतं. सूचनेखाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. मी ती सूचना दोनदा, अक्षर न अक्षर वाचली आणि सही केली. एवढंच शिकले.