बिननावाची ऐरण

गुंडूअण्णा लोहार समोर आलेल्या ऐरणीला आधी हात लावून नमस्कार करत, मग बंडीच्या खिशातून बेअरिंगमधली एक पोलादी गोळी काढून तिच्यावर टाकत. गोळी किती उसळते ते बघायचं, कान तिरका करून आवाज ऐकायचा, कडांवरून अंगठा फिरवायचा, आणि मग ती कुणी घडवली ते सांगायचं. जुन्या ऐरणींवर नाव नसतंच. का नसतं, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. "पावणं, आपल्या नावावर रोज घण पडायला पायजे व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पोस्टात चौतीस वर्षं काढून मी काय शिकलो, असा मलाच प्रश्न पडला.

आम्ही मूळचे गारगोटीचे लोहार. वडील गेल्यावर धाकट्या भावानं, सुरेशनं, तिथलं घर पाडून नवीन बांधायला काढलं आणि ऐरणीचं काय करायचं हा विषय निघाला. वडील जन्मभर सांगत, की ही माझ्या बापानं कोल्हापुरात महिनाभर राहून स्वतःच्या हातानं घडवली. सुरेशचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "दादा, आबांना गोष्टी रचून सांगायची सवयच हुती," तो म्हणाला. "आज्याची असंल तर देवाशेजारी ठिवू, नसंल तर भंगारात घालू." मला मात्र वडील खोटं बोलले असतील ही कल्पनाच सोसवेना. म्हणून ती ऐरण टेम्पोत घालून मी कोल्हापूरला, मंगळवार पेठेत अण्णांच्या दारात उतरवली.

अण्णांनी गोळी टाकली. एकदा, दोनदा. मग चारही कोपऱ्यांवर टाकली. शेवटच्या कोपऱ्यापाशी बराच वेळ घुटमळले आणि म्हणाले, "मलकापूरकडची वाटती. ऱ्हाऊ दे हितंच. परत बघतो." मी घरी येऊन वहीत 'मलकापूर' लिहिलं. आठवड्यानं गेलो तर म्हणाले, "मलकापूर कुणी सांगितलं तुम्हास्नी? ही घडीव न्हाईच, ओतीव हाय. कारखान्यातली." मी मलकापूर खोडलं. त्याच्या पुढच्या खेपेला ती बोटीनं आलेली विलायती निघाली. मी चहा पीत वहीकडे बघत बसलो. डोक्याचा नुसता भुगा झाला.

वय झालं, आता यांना काही कळत नाही, असं म्हणावं तर तसंही नव्हतं. माझ्यासमोरच एक शेतकरी आपली ऐरण घेऊन आला होता. अण्णांनी तिची झिजलेली कड चाचपली आणि म्हणाले, "तुमच्याकडं डावखुरा लोहार हुता की." तो माणूस चाटच पडला. त्याचा चुलता खरोखरच डावखुरा होता. दुसऱ्यांच्या ऐरणी एका बोटात ओळखणारा माणूस माझ्याच ऐरणीपाशी का अडखळतो, हे काही केल्या कळेना. मला त्यांचा राग यायचा, आणि तरी दर शनिवारी पाय तिकडेच वळायचे, कारण माणूस मोठा लाघवी होता.

मग एका सकाळी त्यांच्या सुनेचा, शालनवहिनींचा, फोन आला. "मामा झोपूनच हायती. तुमचंच नाव घेत्यात. येऊन जावा."

अण्णांची खाट पडवीत, ऐरणीला लागूनच होती. त्यांनी गोळी माझ्या हातात दिली आणि डाव्या अंगाचा मागचा कोपरा दाखवला. मी टाकली. इतर ठिकाणी टणकन उसळणारी गोळी तिथं ठप्प झाली.

"हितं पाणी बसलं न्हाई, कोपरा मऊच ऱ्हायला," अण्णा म्हणाले. "एकोणीस वर्साचा हुतो. तुमचा आजा आमच्याच भट्टीवर ऐरण घडवायला आलता, आनि माजा बाप गावाला गेलता. त्यानं म्हैनाभर घण मारला, पर लाल ऐरण पाण्यात सोडली ती म्या. ज्यानं पाणी पाजलं, ऐरण त्याची. ही माजी. पहिली, आनि नासलेली."

"आजोबांना कळलं नाही?"

"कळलं की. कोपरा वाजवला, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, ही मी घडवली असं गावात सांगीन, तुझं नाव कुठं निघायचं न्हाय. बापाच्या कानावर गेलं असतं, तर मला परत भट्टीपाशी उभा केला नसता त्यानं."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

अण्णांनी माझ्या हातातली गोळी परत घेतली. "तुमाला आज्याचं नाव ऐकायचं हुतं. ते माझ्या तोंडातनं निघंना. आनि माजंबी निघंना."

आठ दिवसांनी अण्णा गेले. त्यांच्या मातीला जाऊन आलो त्याच संध्याकाळी सुरेशचा फोन आला. "काय ठरलं दादा? कुणाची निघाली?"

खरं सांगावं तर आजोबांनी इतकी वर्षं झाकलेलं मी उघडं करणार. न सांगावं तर मीही खोटा. बाहेर पडलं ते एवढंच, "आजोबांनीच घडवली."

मग सुरेश म्हणाला, "म्हंजे आबा खरं बोलत हुते. आनि मी त्यास्नी शेवटपर्यंत खोटारडं म्हणत आलो."

तो रडत होता. मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो.