हातातला दाखला हरवला कसा म्हणायचा

डिप्लोमाच्या यादीत माझं नाव लागलं आणि दुसऱ्याच दिवशी तात्या, म्हणजे माझे वडील, माझा शाळा सोडल्याचा दाखला इंदापूरला नेऊन लॅमिनेशन करून घेऊन आले. स्टँडसमोर ते मशीन नवीनच आलं होतं. घरी आल्यावर त्यांनी दाखल्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "आता काय बी हुत न्हाय त्याला," म्हणाले. मीही हरखले. अख्ख्या शेळगावात इतका चकचकीत कागद कुणाकडे नव्हता.

तात्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. त्यांचा चौथीचा दाखला वाकळेत गुंडाळून घोड्यावर लादला होता, तो वाटेत पावसात भिजून लगदा झाला. पुढच्या गावच्या मास्तरांनी दाखल्याशिवाय पाचवीत घेतलं नाही, शाळा तिथंच संपली. त्यामुळे कागद आणि पाणी या विषयावर घरात कुणी त्यांच्याशी वाद घालत नसे.

बारामतीच्या कॉलेजात खिडकीतल्या क्लार्कनं दाखला उलटा करून त्यावर शिक्का मारला. शाई प्लॅस्टिकवरून ओघळली. त्यानं ती अंगठ्यानं पुसली आणि दाखला परत सरकवला.

"असा चालत नाही. शाळेतून दुसरा आणा. शनिवारी दुपारी खिडकी बंद होईल, मग जागा पुढच्याला."

तो गुरुवार होता. स्टँडवर बसून तात्यांनी ब्लेडनं कड सोडवून पाहिली. प्लॅस्टिकबरोबर शाळेचा शिक्काही सुटायला लागला, तेव्हा मी ब्लेड हिसकावून घेतलं.

शुक्रवारी निमगाव केतकीला, माझ्या शाळेत. हेडमास्तर म्हणाले, "पहिला हरवल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तहसीलला जा, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा."

"पर हरवलाय कुठं? ह्यो काय, हातात हाय की," तात्या म्हणाले.

"तो पिशवीत ठेवा आणि हरवला म्हणून लिहून द्या."

"सर, खोटी शपत कशी घिऊ?"

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. एकाला नियम सोडायचा नव्हता, दुसऱ्याला सत्य, आणि वर्ष जाणार होतं माझं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तात्या, एका सहीनं जग बुडत न्हाय," मी सगळ्यांदेखत म्हणाले. तात्या शाळेच्या लिंबाखाली जाऊन बसले ते बसलेच. दुपार कलल्यावर उठून म्हणाले, "चल." आम्ही इंदापूरला पोचलो तेव्हा तहसीलचे साहेब निघून गेले होते.

शनिवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात. साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "दाखला कुठे हरवला?"

तात्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मेंढरं घिऊन जाताना," तात्या म्हणाले. "वाटंत. पान्यात गेला."

साहेबांनी लिहून घेतलं. तात्यांनी एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आमच्याकडे तेव्हा एकही मेंढरू नव्हतं.

निमगावात दुसरा दाखला मिळाला, पण बारामतीची गाडी लासुर्ण्याच्या अलीकडे बंद पडली आणि मागची येईपर्यंत आम्ही रस्त्यावर उभे. कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकीला आतून कडी होती. शिपाई म्हणाला, यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावून घेतलं, पैसेही भरले त्यानं.

बाहेर भुरभुर चालू होती. तात्यांना काय काय सुनवायचं, ते मी वाटभर मनात जुळवत आले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी बंडीच्या आत हात घातला, पोटाशी धरलेला नवा दाखला काढला आणि दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला.

"भिजला न्हाय बघ," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.