जेवणाच्या सुट्टीतली कादंबरी

गोवा राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. बारावीनंतर मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात लागले. बाटल्यांना लेबलं लावायची आणि त्या खोक्यात भरायच्या, एवढंच काम. माझ्यासमोर बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी बसायची, माझ्याच वयाची. तिचा थोरला भाऊ आमच्या भागात गवंडीकाम करायचा. त्याच्याबरोबर आणि वहिनीबरोबर ती तुयेतच एका भाड्याच्या खोलीत राहत होती.

एका दुपारी डबा खाऊन मी पुस्तक उघडलं, तशी ती म्हणाली, "काय वाचतीस?"

"कादंबरी."

"कशाची?"

"प्रेमाची."

"मग मोठ्यानं वाच की."

माझी वीसेक पानं झाली होती. मी म्हटलं, "तूच ने घरी. आधी तू वाच, मग मी."

तिचा चेहरा लाल झाला. "मला मराठी बोलाय येतंय, वाचाय न्हाई. माझी शाळा कानडी."

मला हे नवीन होतं. आमच्या घरी उलटं. बोलायचं कोंकणी, आणि वाचायचं, लिहायचं, आरत्या म्हणायच्या त्या मराठीत. आपली भाषा कुठली यावरून त्या दिवसांत आमच्या गावात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पुस्तक पेडण्याच्या वाचनालयातलं, पाठीला खाकी कागद चिकटवलेलं. एक लहानसं तालुक्याचं गाव. नायिका वडिलांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवते. गावात नवा, तरुण गुरांचा डॉक्टर येतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हातून सुटलेली गाय दुकानात शिरून वह्यांचा गठ्ठा खाते. पुढं दोघांच्या आधी सगळ्या गावालाच कळतं की यांचं जमणार. खलनायक नाही, मारामारी नाही, कुणी मरत नाही. "असली पुस्तकां वाचून कितें मेळटा गो तुका?" असं आई विचारायची, म्हणून मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

तिला मात्र कसलीच लाज नव्हती. ऐकता ऐकता ती डॉक्टरला दुरुस्त करायची. "म्हशीच्या मागं उभं ऱ्हाऊन सुई मारली? लाथ खाऊन मरंल की!" डॉक्टरला चष्मा होता, म्हणून त्याचं नावच तिनं 'चष्मा' ठेवलं. आठवड्याभरात आणखी चार बायका डबे घेऊन आमच्याकडे सरकल्या. काम चालू असतानाही ती मध्येच म्हणायची, "चष्म्यानं आज बोलून टाकायला पायजे होतं." एकदा लेबलाला गोंद लावता लावता म्हणाली, "किती चांगलं गाव हाय बघ. कुणी कुणावर ओरडत न्हाई."

मला दम निघाला नाही. एका रविवारी घरी बसून मी पुस्तक संपवून टाकलं. शेवट कळल्यावर मोठ्यानं वाचण्यातली माझी गंमत कमी झाली, आणि मी पानं गाळायला लागले. नायिकेची थोरली बहीण दिवाळीला माहेरी येते, असं एक प्रकरण होतं. त्यात चष्मा नव्हता आणि काही घडतही नव्हतं. ते मी अख्खं गाळलं. कुणाला काही कळलं नाही.

गणपतीची चवथ होऊन गेल्यावर एका सकाळी तिची जागा रिकामी दिसली. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. मागं पाच आणि दोन वर्षांच्या दोन मुली होत्या. आमचं वाचन थांबलं.

पंधरा दिवसांनी ती आली ती राजीनामा द्यायला. बारा वाजता कचेरीतलं काम आटोपून ती माझ्याजवळ येऊन बसली. डबा आणला नव्हता. मी माझ्यातली भाजी आणि अर्धा पाव तिच्यापुढे केला. तिनं तो हातात धरून ठेवला.

"दाजींशी लगीन ठरलंय माझं," ती म्हणाली.

"तुला विचारलं?"

"विचारलं की. कधी येतीस म्हणून विचारलं."

बाकीच्या बायका खाली मान घालून जेवत होत्या. तिनंच मग विचारलं, "पुस्तक हाय न्हवं? वाच."

शेवटची पंचवीसेक पानं राहिली होती. घाईनं वाचलं असतं तर सुट्टीत झाली असती. मी उघडलं, तर तिनं पानावर हात ठेवला. "थांब. तिची ती थोरली बहीण दिवाळीला येणार म्हणत हुते. आली का न्हाई?"

आली आणि गेली, एवढं सांगून मला सुटता आलं असतं. पण तिच्याकडे बघून खोटं बोलवेना. "आली होती. ती पानं मी गाळली."

"का?"

"त्यात चष्मा नव्हता."

ती रागावली नाही. "ती वाच," एवढंच म्हणाली.

मी मागं जाऊन ते प्रकरण वाचलं. बहीण येते. मागच्या पडवीत बसून धाकटीच्या डोक्याला तेल लावते, गुंता काढताना कुरकुरते. सासरचं काही विचारलं की बोलणं बदलते. आईच्या हातची आमटी तीनदा वाढून घेते आणि चौथ्या दिवशी गाडीत बसून जाते. एवढंच. मी सावकाश वाचत गेले. तेल लावण्याच्या ओळी आल्या तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला. पंधरा दिवस गावात ती पोरी सांभाळत होती, आल्यागेल्याला चहा देत होती. तिला रडायला कोपरा मिळाला नव्हता, हे तिनंच निघताना सांगितलं. आमच्या त्या गोंदाच्या वासाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, ती हुंदके देऊन रडली. भोंगा झाला. सुपरवायझर दारात आला, त्यानं पाहिलं आणि परत गेला.

शेवट वाचायचा राहिला. तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, "लगीन झालं न्हवं त्यांचं?"

"झालं."

"मग ऱ्हाऊ दे. कसं झालं ते कळव कधीतरी."

फाटकाबाहेर भाऊ सायकल धरून उभा होता. त्याच्याकडून मी तिच्या होणाऱ्या सासरचा पत्ता लिहून घेतला.

दिवाळी झाल्यावर मी ते शेवटचं प्रकरण चार कागदांवर उतरवलं. तिला मराठी वाचता येत नाही हे मग लक्षात आलं. आमच्या कँटीनचा आचारी खानापूरकडचा, कानडी शाळेत शिकलेला. मी एकेक ओळ सांगितली आणि त्यानं ती कानडी अक्षरांत लिहिली. शब्द मराठीच. आपण समोर बसून वाचतोय असं तिला वाटावं म्हणून मी क्षेमकुशल काही घातलं नाही. सुरुवातच चष्म्याच्या बोलण्यानं केली: आज तुला विचारायचंच असं ठरवून आलोय, तुझ्याशिवाय या गावात माझं मन लागत नाही. खाली नावही घातलं नाही. तिला कळेलच, असं मला वाटलं. पाकीट पेटीत टाकताना मी खूश होते.

उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी मांद्र्याला मावशीकडे गेले होते. तिथं समुद्राजवळ पाहुण्यांसाठी खोल्यांचं बांधकाम चाललं होतं आणि तिचा भाऊ परांचीवरून खाली उतरत होता. मला बघून तो जवळ आला.

"ताई, ते पत्र तुम्ही घातलंतं?"

मी हो म्हटलं. थापी हातात तशीच धरून तो सांगत राहिला. पाकीट तिच्या नवऱ्याच्या हातात पडलं होतं. गोव्याचा शिक्का, बाप्याचं अक्षर आणि पहिल्याच ओळीत तुझ्याशिवाय मन लागत नाही. त्यानं हात उचलला नाही, पण बोलणं टाकलं. सासूनं तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. हे पुस्तकातलं आहे, असं ती सांगत राहिली. कुठलं पुस्तक, नाव सांग, म्हणाले. नाव तिला माहीत नव्हतं. मी तिला ते कधी सांगितलंच नव्हतं, आणि मुखपृष्ठावर तर वर्तमानपत्र होतं.

"मग मी गेलो," तो म्हणाला. "पोरींच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की मैत्रिणीचं हाय. आता मिटलंय."

"मी येऊन सांगू त्यांना?"

"नको. झाकलंय ते झाकलेलं बरं. पत्र तेवढं घालू नका."

"ती माझ्यावर रागावली?"

त्यानं थापीवरचा चिखल वाळूत झटकला. "तसं काय बोलली न्हाई. चुलीत घालायच्या आधी दोनदा वाचलं म्हणाली."

मी परत लिहिलं नाही. लग्न होऊन डिचोलीला आले, मुलं झाली, त्यांच्या शाळा झाल्या. प्रेमाच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या मी अजून वाचते आणि आता कव्हर घालत नाही. मनातल्या मनातच वाचते.

काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही बसनं चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला निघालो होतो. घाट चढून गेल्यावर एका फाट्यावर गाडी थांबली. पाटीवर तिच्या सासरच्या गावाचं नाव होतं, पाकिटावर मी लिहिलेलं. बाजाराला निघालेल्या बायका चढल्या आणि एक वयस्क बाई माझ्या शेजारी टेकली. मला राहवलं नाही. बहीण गेल्यावर दाजींशी लग्न झालेली, आधी गोव्यात कामाला असलेली, असं मी विचारलं.

"ती व्हय? औंदा थोरल्या लेकीचं लगीन केलं की तिनं."

"बरी आहे?"

"बरीच म्हणायची. बोलत न्हाई फारसं कुणाशी." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण तिच्या?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "एका ठिकाणी कामाला होतो."

कंडक्टरनं घंटी मारली. बाईनं टोपली पायाशी ओढून घेतली आणि गाडी सुटली.