चौथ्या आठवड्याचं पान

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. केडगावच्या मावशींच्या भविष्य सांगणाऱ्या पानांना मी पहिल्याच खेपेला हसले, तेही त्यांच्या तोंडावर. "मावशी, ह्यातलं कुठलं पान पाऊस पाडतं तेवढं सांगा," म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "पाऊस पाडनारं पान न्हाई ह्यात. साहेबाच्या देशात त्याची गरज न्हाई," एवढं म्हणाल्या आणि पानं पिसायला लागल्या.

मी गेले होते सासूबाईंबरोबर. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. आमचं गाव सुप्याच्या पलीकडं, पुणे-नगर रस्त्यापासून आत. बांगलादेशच्या लढाईत माझे धाकटे दीर बेपत्ता झाले, अशी तार आली होती. बेपत्ता म्हणजे नेमकं काय, हे तार आणणाऱ्या पोस्टमनलाही सांगता येईना. तो बिचारा चहा न पिताच उठला. दिरांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. शेंगा खाऊन टरफलं माझ्या पदरात टाकायची आणि पळायची, असलं तिचं वय. आत्याबाईंनी आम्हांला रडू दिलं नाही. "मेला म्हनून कोनी सांगितलंय का? मग रडायचं कशापायी?" असं म्हणून त्या चुलीपुढं बसल्या. कोणाकडून तरी मावशींचं नाव कळलं, आणि आमच्या केडगावच्या फेऱ्या सुरू झाल्या.

मावशींचा नवरा नगरच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाचा खानसामा होता. साहेब विलायतेला गेला तेव्हा मडमेनं टाकून दिलेल्या सामानात ही पानं मावशींना सापडली. आपल्या पत्त्यांपेक्षा लांब, कडा मऊ पडलेली, वर रंगीत चित्रं. खाली इंग्रजी अक्षरं होती, पण मावशींना ती वाचता येत नव्हती. त्यांनी चित्रं बघून आपली नावं ठेवली होती: पडका बुरूज, घोड्यावरचा सापळा, चंद्राची कुत्री. अमावस्या झाली की नव्या महिन्याचं एक पान वर मांडायचं, त्याच्या खाली चार आठवड्यांची चार. आठवडा मोजायचा बाजारापासून बाजारापर्यंत. महिना कसा जाईल ते वरचं पान सांगे, आणि कुठल्या आठवड्यात काय करायचं ते खालची.

पहिल्याच महिन्याला वरचं पान पडलं ते एका पायानं उलट्या टांगलेल्या माणसाचं. आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींनी पान त्यांच्या डोळ्यांजवळ धरलं.

"ह्याचं तोंड बगा. मेल्याचं तोंड हाय का हे? हसतोय. तुमचा पोरगा मेला न्हाई. टांगलाय."

"कुटं टांगलाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"ते पान सांगत न्हाई."

मी हसायचं विसरले, हे खरं. त्या माणसाचं तोंड शांत होतं, झोपेत गोड स्वप्न पडल्यासारखं.

मावशींनी मग आठवडे सांगितले. पहिल्या आठवड्यात त्याचं अंथरूण उन्हात घालून परत जागेवर घालून ठेवा. दुसऱ्यात दुपारचं त्याच्या नावाचं ताट वाढा. तिसऱ्यात तो निजायचा त्या कोपऱ्यात कोणी पाय पसरून बसू नका. चौथ्यात तिन्हीसांजेला दार लावू नका. आठवड्यापुरतंच होतं सगळं. पण आत्याबाईंनी त्याचं व्रत केलं. आमच्याकडं एकदा धरलेलं व्रत उद्यापन केल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मावशींनी उद्यापन काही सांगितलं नव्हतं. सांगतील कशा? त्यांच्या लेखी आठवडा सरला की पान सरलं. मी एकदा आत्याबाईंना म्हटलंही, की अहो, ते आठवड्यापुरतं होतं. "तुला लई कळतंय," म्हणून त्यांनी मला गप्प केलं. त्यामुळं झालं असं, की दर अमावस्येला नवी चार कामं यायची आणि जुनी जागची हलायची नाहीत. पाऊस गेला, पिकं गेली, गुरं छावणीत गेली, आमचे हे दुष्काळी कामावर मुकादम म्हणून दिवसभर बाहेर राहायला लागले. घर रिकामं होत होतं, आणि जो घरात नव्हता त्याचीच जागा रोज वाढत होती. त्याचं अंथरूण, त्याचा कोपरा, त्याचा पाट, त्याचं ताट. आम्ही तिघी बायका भिंतीकडेनं वावरायला लागलो.

ताटाचं सांगायला हवं. आमच्याकडं नवऱ्याचं झालं की त्याच ताटात बायको जेवायला बसे. तेव्हा दिरांचं ताट वाढलं, थोडा वेळ गेला की धाकटीनं त्याच ताटात जेवायचं, असं ठरून गेलं. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची लाल भाकरी आणि पातळ कालवण. दुसरं होतं काय त्या वर्षी? सुरुवातीला ती घटकाभर बसायची आणि खाऊन मोकळी व्हायची. मग एके दिवशी भांडी घासताना हळूच म्हणाली, "आक्का, आज भाकरी मोडलेली हुती."

"उंदीर असंल," मी म्हटलं.

"उंदीर भाकरी मोडून कालवनाला लावतोय व्हय?"

मला राग आला. उपाशीपोटी माणसाला काहीबाही दिसतं, असं मी तिला सुनावलं. पण तिला भीती वाटलेली नव्हती. ती हसत होती, नव्या नवरीसारखी. त्याचंच मला कसंतरी झालं.

त्यानंतर ती ताटापाशी जास्त जास्त वेळ बसायला लागली. पदरानं वारा घालायची. कधी "घ्या की अजून" म्हणायची. "त्यांचं अजून व्हायचंय," म्हणून तिचं जेवण लांबायचं, दिवस कलायला यायचा. कधी ताट तसंच उचलून ठेवायची आणि पाणी पिऊन उठायची. मी एकदा हट्टानं तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी कोण भाकरी मोडतं ते. भाकरी जागची हलली नाही. पण उन्हाळ्याचे दिवस, घरभर माशा. माझ्या तोंडावर बसत होत्या, हंड्यावर, चुलीवर, झोपलेल्या आत्याबाईंच्या पायांवर. त्या ताटावर एक नव्हती. वाऱ्यानं उडत असतील म्हणून मी तिचा पदर धरला. ती थांबली. मी बघत राहिले. तरी एक माशी त्या ताटाकडं फिरकली नाही. मग धाकटी म्हणाली, "झालं बगा त्यांचं," आणि पाटापासून जरा सरकून बसली, कोणाला उठायला जागा द्यावी तशी. मी तिथून उठले ती थेट अंगणात उन्हात जाऊन उभी राहिले. मी भ्याले होते. भर दुपारी, स्वतःच्या घरात.

पोर वाळत चालली. दंड काटक्यांसारखे झाले. हात खाली सोडला की बांगड्या आपोआप गळून पडायच्या. ती त्या उचलून दोऱ्यानं मनगटाला बांधायची. सवाष्णीच्या हातातून बांगड्या अशा न फुटता निघून जाताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. आत्याबाईही बघत होत्या. 

धाकटीचे वडील आले. साधा माणूस, टोपी हातात घेऊन ओसरीवर बसला. "विहीनबाई, पोरीचा सापळा झालाय. चार दिस न्हेतो. नाकाखाली चार घास जातील तिच्या."

"मालक घरात असताना बायकूनं म्हायेरी कशाला जायाचं?" आत्याबाई म्हणाल्या.

घरात म्हणाल्या त्या. व्याह्यांनी एकदा आत पाहिलं, वाढलेल्या ताटाकडं, त्याच्यापुढं बसलेल्या लेकीकडं, आणि टोपी घालून निघून गेले. त्या दिवशी आत्याबाईंनी दुपारी अंग टाकलं नाही. त्या धाकटीकडं बघत बसून होत्या.

पुढच्या अमावस्येनंतर आम्ही दोघी पुन्हा केडगावला गेलो. धाकटीला ताट वाढायचं होतं म्हणून ती घरीच. मावशींनी पानं मांडली. वर पडला सूर्य. मावशी जागच्या सावरून बसल्या.

"येतोय," म्हणाल्या. "ह्याच म्हयन्यात. चौथ्या आठवड्याला दारात उबा ऱ्हानार."

आत्याबाईंचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. इतके महिने मी त्या पानांना नावं ठेवली होती, त्या क्षणी मात्र खरं होऊ दे असं मनापासून वाटलं. मग मावशींनी खालची पानं उघडली. चौथं उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. चित्रात एक पुरुष आणि एक बाई होती, उघडी, उन्हात उभी.

"ऱ्हायाला येतोय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिला न्ह्यायला."

"कुटं न्ह्यायला?"

"पानात दोगं हायेत, बाई. घर कुटं हाय का बगा." मावशींनी पान आमच्याकडं फिरवलं. घर नव्हतं. "ह्या आठवड्यात तिनं काय करायचं ते मी सांगत न्हाई. तुमीच ठरवा."

आत्याबाईंनी पदरातले जोंधळे त्यांच्यापुढं ओतले आणि उठल्या. एस.टी.त त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. फाट्यावर उतरून चालायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू काय ऐकलंस?"

"तुम्ही ऐकलं तेच."

"तू काय बी ऐकलं न्हाईस."

घरी आल्या त्या आत गेल्याच नाहीत. अंगणातूनच मला घागर आणायला सांगितली. आमच्या गावात तेव्हा टँकर येईल तेव्हा पाणी, आणि ती भरलेली घागर आमचं प्यायचं पाणी होतं. आत्याबाईंनी लुगड्यानिशी अंगणात बसून ती घागर डोक्यावर ओतून घेतली आणि हंबरडा फोडला. मेल्याची बातमी कळली की करायची ती आंघोळ. आवाज ऐकून आळीतल्या बायका धावल्या. ओली माती, रिकामी घागर बघितली आणि कोणी एका शब्दानं विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात लोक चूळ भरलेलं पाणीसुद्धा झाडाला टाकत होते. खोट्यासाठी कोण घागरभर पाणी वाया घालवील? आमच्या ह्यांनीही विश्वास ठेवला. संध्याकाळी त्यांनी डोकं भादरून घेतलं, आणि भावासाठी ते एवढे रडले की मला त्यांना जवळ घेऊन सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

धाकटी तेवढी रडली नाही. आत्याबाईंनी आपल्या ओल्या पदरानं तिचं कुंकू पुसलं, मनगटाचे दोरे आपल्या दातांनी तोडले, तेव्हा ती नुसती बघत होती. मग म्हणाली, "पन आत्याबाई, ते तर आत्ताच जेवून उठले."

आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं. "उठला न्हवं? मग जाऊ दे त्याला," म्हणाल्या.

दिवसकार्य झाल्याबरोबर वडील तिला घेऊन गेले. तिचं पुढं चांगलं झालं, हे इथंच सांगून टाकते. वर्षा-दोन वर्षांनी तिचा पाट लावला, माणूस भला निघाला, लेकरं झाली. एकदा नगरच्या स्टँडवर भेटली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही, इतकी भरली होती. माझ्या गळ्यात पडली. त्या ताटाविषयी ती बोलली नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

ती माहेरी गेली आणि घर मोकळं झालं. अंथरूण गुंडाळलं, पाट उभा केला. आत्याबाई कोपऱ्यात पाय पसरून बसायला लागल्या. आठवडे मात्र त्या मोजत होत्या. बाजाराचा दिवस आला की त्या एक बोट मिटायच्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी सकाळपासूनच दाराला आतून अडसर घालायला सुरुवात केली. 

आणि भर दुपारी, पुरुषमाणूस घरात नाही, आळीत चिटपाखरू नाही, अशा वेळी बाहेरची कडी वाजली. पावलांचा आवाज आला नव्हता. नुसती कडी, सावकाश, दोनदा.

"आये," बाहेरून कोणी म्हणालं. "आये, पानी दे."

पाणी मागत फिरणारे त्या वर्षी कमी नव्हते, आणि त्यांतला जो तो आयेच म्हणायचा. आवाज कोणाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही. कोरडा पडलेला घसा सगळ्यांचा सारखाच. मी अडसर काढायला उठले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, दाराकडं बघत होत्या.

"आये," पुन्हा आवाज आला.

 आत्याबाई कोणाही भिकाऱ्याला सांगावं तशा सरळ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "फुडं व्हा, बाबा. घरात कोनी न्हाई."