आक्काच्या हातची चादर

आमच्या कॉलेजात कुणाचं काही चांगलं झालं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. फाटकावर फ्लेक्स आणि शालीऐवजी अंगावर सोलापुरी चादर. पीएचडी मिळो, पुस्तक निघो, विद्यापीठाच्या एखाद्या समितीवर नेमणूक होवो, चादर चुकत नाही. माझ्या कपाटात अशा चादरींची चळत होती. त्यातल्या बऱ्याच मी भाचरांच्या लग्नात आहेर म्हणून खपवल्या. मी पुराव्याचा कायदा शिकवते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही अशी खोड लागली आहे, त्यामुळे सत्कारातली भाषणं मला फारशी पचत नाहीत.

पण माझ्या मैत्रिणीचा फ्लेक्स लागला त्या सकाळी मला नुसता कंटाळा आला नाही, भीती वाटली. ती आमच्याकडे कौटुंबिक कायदा शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी आहेत आणि डबा एकच असल्यासारखा आम्ही खातो. तिचा लेख परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात आला होता. प्राचार्यांनी हौसेने फ्लेक्सवर तिचा फोटो टाकला आणि खाली ठळक छापलं, ‘माढा तालुक्यातील भगिनींच्या वारसाहक्कावरील संशोधनाबद्दल हार्दिक अभिनंदन’. शेजारी तिच्या माहेरच्या गावाचं नावही होतं. लेखात तिने तालुक्याचं नाव मुद्दाम कुठेही येऊ दिलं नव्हतं.

“हे कुणी सांगितलं यांना?” मी विचारलं.

“मीच बोलले असेन कधीतरी. जाऊ दे गं, फ्लेक्स कोण वाचतं?” ती म्हणाली.

सोलापुरात फ्लेक्स सगळेच वाचतात. दुपारपर्यंत त्याचा फोटो तिच्या गावात पोचला होता.

तिचा लेख कशावर होता ते सांगायला हवं. आमच्या भागात बाप गेला की दहाव्या-तेराव्याला सगळ्या बहिणी जमलेल्या असतातच. त्याच गर्दीत त्यांच्याकडून जमिनीवरचा हक्क सोडल्याचा जबाब घेतात. तलाठ्यापुढे सही किंवा अंगठा होतो आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावं जातात. रडून डोळे सुजलेली बाई काय वाचणार? भावाला नाही म्हटलं तर माहेर तुटतं, म्हणून ती वाचतही नाही. माझ्या मैत्रिणीने गावोगाव हिंडून अशा बायकांशी बोलून लिहिलं होतं, आणि शेवटी एक मुद्दा मांडला होता. हे जबाब बहुतेक ठिकाणी रीतसर नोंदणी केलेले नसतात, त्यामुळे कोर्टात ते टिकणं अवघड आहे. बहिणीचा हक्क अजून जिवंत आहे. तिने दावा लावला पाहिजे, एवढंच.

लेखातली चौथी बाई म्हणजे आक्का. लेखात अर्थातच नाव नव्हतं. माझ्या मैत्रिणीच्या माहेरच्या आळीतली ही बाई, हिनेच तिला लहानपणी कडेवर खेळवलं होतं. नवरा लवकर गेला, मग माहेरी आली. भावाच्या रानात विहिरीजवळ मोटरीची खोली आहे, तिथे राहते. लेक नांदत नाही, तीही तिथेच परत आली. आक्का एकदा कॉलेजात आली होती तेव्हा मी तिला पाहिलं. पदरात भाजक्या शेंगा बांधून आणल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसली आणि माझ्याकडे बघत मैत्रिणीला म्हणाली, “ह्या बाईसमोर बोललं तर चालंल न्हवं?”

“बोल, ही आपलीच आहे.”

“मग माझं नाव परत लागंल व्हय?”

“लागेल आक्का. तुझा कागद कच्चा आहे.”

“मला लई नको बाई. ती खोली आन् तिच्याभवतीचं रान तेवढं नावावर पायजे. मी मेल्यावर माझ्या लेकीला कुणी भायेर काढू नये.”

माझ्या मैत्रिणीने आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला वकील म्हणून गाठलं होतं. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी केल्याच्या नोंदीच्या, नकला आल्या की दावा दाखल करायचा असं ठरलं. तोवर आक्काने घरात ब्र काढायचा नाही. भावाला आपला कागद पक्का वाटत होता आणि तसाच तो वाटत राहायला हवा होता, कारण सगळी भिस्त त्याच्या या गाफीलपणावरच होती.

आणि आता गावाने सत्कार ठरवला. गावची लेक परदेशात गाजली, तर गाव गप्प कसं बसणार? निमंत्रणाचा फोन खुद्द आबांचा होता. आबा म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. “मॅडम, आमच्या लेकीचं कौतुक आमी न्हाय तर कुणी करायचं? यायलाच पायजे की.” तिला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं तर संशय येईल, असं ती मला म्हणाली. मलाही ते पटलं, आणि मी सोबत निघाले.

मोडनिंब मागे टाकून गाडी आत वळली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या. वेशीवर तिचा आणखी मोठा फ्लेक्स होता. त्यात तिच्या फोटोच्या वर आबांचा हात जोडलेला फोटो होता, तिच्यापेक्षा मोठा. मी त्यावरून तिला चिडवणार होते, पण तिचा चेहरा बघून तो बेत सोडला.

शाळेपुढे मांडव होता. आबा स्वतः गाडीपाशी आले. पांढरेशुभ्र कपडे, हळू आवाज, अत्यंत अदबशीर माणूस. मला खरं सांगायचं तर आरडाओरडा करणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही. हा माणूस आमच्यासाठी स्वतःच्या हाताने खुर्ची पुसत होता.

बायका उजवीकडे सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्यात मागे, खांबाला टेकून, आक्का. तिने आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. शहाणी बाई.

आमच्याकडे कुणाचाही सत्कार मानपत्राशिवाय होत नाही. सत्कारमूर्तीने काय केलं ते लोकांना कळायला नको का? मानपत्र वाचायला गावच्या शाळेतले जुने गुरुजी उठले, माझ्या मैत्रिणीला पहिलीपासून त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या हातात कागदांचा जाड गठ्ठा होता. त्यांनी तो लेख कॉलेजच्या संकेतस्थळावरून मिळवला होता, मोबाइलवर मराठी करून घेतला होता आणि मग स्वतः बसून एकेक वाक्य सुधारलं होतं. “माझ्या विद्यार्थिनीचं लिखाण समद्या गावाला समजावं म्हणून ही खटपट,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने कापत होता. माझ्या मैत्रिणीने माझं मनगट धरलं.

गुरुजींनी सगळं वाचलं. पहिली बाई, दुसरी बाई, तिसरी. मग चौथी. नवरा नसलेली, भावाच्या रानात विहिरीजवळच्या खोलीत राहणारी, लेक परत आलेली. तिचं म्हणणं असं की बापाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायच्या आधी तिचा अंगठा घेतला, आणि कसला कागद ते सांगितलं नाही.

परदेशातल्या वाचकांसाठी ही कुणीतरी एक बाई होती. त्या गावात विहिरीजवळच्या खोलीत राहणारी बाई एकच होती. गुरुजी वाचता वाचता अडखळले, चष्मा सारखा केला, आणि काय झालं ते त्यांना कळलं. पण वाचन मधेच थांबवायचं कसं हे त्यांना सुचेना, म्हणून ते पुढे वाचत राहिले. नोंदणी नसलेला कागद टिकत नाही, इथपर्यंत. मांडवात कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळा गाव समोर बघत बसला होता.

आबा उठले. माइक हातात घेतला. हसले.

“लई अभ्यास केलाय मॅडमनी. आमाला तर ह्यातलं काय म्हाइतीच न्हवतं.” टाळ्या पडल्या. “आता चादर घालायची. पर माझ्या हातनं नको. लेकीचा सत्कार लेकीनंच करावा. आक्का, ये पुढं.”

आक्का उठली. बायकांनी तिला वाट करून दिली. तिने चादर उलगडली आणि माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर घातली. तिचे हात स्थिर होते.

“आक्का, आता हितं समद्यांसमोर सांग,” आबांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. “तुला आमच्याकडं काय कमी हाय का?”

“न्हाय रं.”

“काय तक्रार?”

“न्हाय.”

पुन्हा टाळ्या. लोक मोबाइलवर सगळं टिपत होते. उलटतपासणी कशी घ्यावी हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले. इतकी स्वच्छ उलटतपासणी मी कोर्टातही पाहिली नाही, आणि साक्षीला अख्खा गाव. मला त्या क्षणी त्या माणसाचा माइक हिसकावून घ्यावासा वाटला. मी टाळी वाजवली नाही, एवढंच माझ्याकडून झालं.

जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. पंगतीत आबा आमच्या समोर बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, “मॅडम, ते नोंदणीचं जरा समजावून सांगा की. तलाठ्याकडचा जबाब पुरत न्हाय म्हणता?”

“लेखात आहे ते सगळं,” ती म्हणाली.

“मंजी माढ्याला जाऊन, रजिस्टर करून घ्यायला पायजे. आसंच न्हवं?”

तिने ताटाकडे पाहिलं. मी पावसाचा विषय काढला. आबांनी पावसाचंही सविस्तर उत्तर दिलं.

परतीच्या वाटेवर ती फक्त एकदा बोलली. “मी कुणाला शिकवलं गं?” मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर आक्काचा फोन लागेना. लागला तेव्हा पुरुषाचा आवाज आला, आक्का रानात हाय. वकीलबाईंनी माणूस पाठवून पाहिला, तोही आबांच्या घरचा चहा पिऊन परत आला. इकडे कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार होती, म्हणून प्राध्यापकांच्या उपलब्धींचा अहवाल तयार होत होता. पुरावा म्हणून ठिकाणाची नोंद असलेला फोटो लागतो. प्राचार्यांनी गावातल्या सत्काराचा फोटो निवडला. चादर घालणारी आक्का त्यात मधोमध होती. तो मोठा करून व्हरांड्यात लावला, खाली लिहिलं, ‘ग्रामीण महिलांशी नाते’. माझी मैत्रीण वर्गात जायला मागच्या जिन्याने जाऊ लागली.

आणि एके दिवशी आबाच कॉलेजात आले. हातात पेढ्यांचा पुडा, मागे आक्का. आक्काच्या अंगावर करकरीत नवी साडी होती, घडीच्या रेघा अजून गेलेल्या नव्हत्या. आबांनी व्हरांड्यातला फोटो कौतुकाने पाहिला.

“मॅडम, तुमच्यामुळं आमची चूक कळली,” ते बसल्यावर म्हणाले. “कागद कच्चा ऱ्हायला हुता. आता आक्का राजीखुशीनं पक्का करून देतीया. माढ्याला रजिस्टर करताना वळख पटवायला मानसं लागत्यात. तुमच्यासारखं कायद्याचं मानूस आसलं मंजी उद्या कुणी शंका काढायला नको.”

मी म्हणाले, “आम्हाला जरा आक्काशी बोलू द्या.”

“बोला की. मी भायेर थांबतो.” ते लगेच उठले. इतका निर्धास्त माणूस मी पाहिला नाही.

दार लोटलं तशी माझी मैत्रीण आक्काच्या पायाशी बसली. “आक्का, जाऊ नकोस तिकडं. लेकीला घेऊन माझ्याकडं ये. दावा लावू. मी आहे.”

आक्काने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “आन् किती दिस ठिवशील? माझी शेरडं हाईत. माझी लेक रोज त्यांच्याच रानात खुरपायला जाती. समदं तितंच हाय बाई.” मग म्हणाली, “तू वळख दिलीस तर मी मरंपतूर खोली काढनार न्हाय म्हणलाय त्यो. तू न्हाय आलीस तर म्हणलाय, मग आपन बघू.”

“आणि तू गेल्यावर? लेकीचं काय?”

आक्काने साडीवरची घडीची रेघ बोटाने सपाट करायला घेतली.

माझी मैत्रीण मोठ्याने रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी तिच्या जागी असते तर नाही म्हटलं असतं असं मला तेव्हा वाटत होतं, आणि मग खोली कुणाची गेली असती हेही मला कळत होतं. तिने तोंड धुतलं, पर्स उचलली आणि मला म्हणाली, “तू चल सोबत.”

माढ्याच्या नोंदणी कार्यालयात आम्ही दुपारी पोचलो. आत जाण्याआधी बाहेरच्या ओसरीवर थांबावं लागलं, कारण पुढे बरेच नंबर होते. ओसरीवरच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्या, मध्यमवयीन, एक तर अगदी तरुण, कडेवर मूल असलेली. सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या. प्रत्येकीशेजारी एकेक पुरुष, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात पिशवी. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

गुरुजींचं मराठी भाषांतर मोबाइलवरून गावोगाव गेलं होतं.

बाकावरच्या एका माणसाने माझ्या मैत्रिणीला फ्लेक्सवरच्या फोटोवरून ओळखलं. तो लगबगीने उठला, त्याने तिला स्वतःची जागा दिली आणि हात जोडले.

“मॅडम, लई उपकार झाले बगा. तुमी लिवलं न्हसतं तर आमाला कवा कळलं आसतं?”

त्याची बहीण शेजारी बसली होती. तिनेही, भावाने जोडले म्हणून, हात जोडले.